जरा ढिलं बघा

आमच्या बीड जिल्ह्यात हेल्मेट घ्यायला आलेल्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. तो रंग विचारत नाही, कंपनी विचारत नाही. काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणतो, "जरा ढिलं बघा."

कारण खाली टॉवेल असतो. होळीच्या आधीच आमच्याकडे ऊन तापायला लागतं, आणि डोक्याला ओला टॉवेल गुंडाळल्याशिवाय बाप्या माणूस गाडीला किक मारत नाही. त्याला मी नावं ठेवत नाही. उन्हानं माणूस मरतो हे मला माहीत आहे. पण हा माणूस हेल्मेटचं माप टॉवेलासकट देतो. मग त्याला एक माप मोठं लागतं, आणि टॉवेल जाड असला तर दोन. घरी जाऊन तो बायकोला सांगतो की मस्त बसलंय, डोक्यावर असल्याचं कळतसुद्धा नाही.

हेल्मेट डोक्यावर असल्याचं कळलं पाहिजे. हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे की आता झोपेतही बोलत असेन.

एका ग्राहक सहकारी भांडारात मी काही वर्षं हेल्मेटचा काउंटर सांभाळला. त्याआधी मी पत्रकं लिहायचे. टँकरच्या आंदोलनात, चारा छावणीच्या आंदोलनात, जिथं बोलावतील तिथं. पत्रकाची एक शिस्त असते: अर्ध्या कागदात सांगा, मोठ्या अक्षरात सांगा आणि कुणाची भीड ठेवू नका. तीच सवय काउंटरवर आली. भांडाराचे व्यवस्थापक मोहनकाका मला म्हणायचे, "पोरी, तू गिऱ्हाइकाला माल विकतीस का त्याच्यावर मोर्चा काढतीस?" दिवाळी अंकाच्या संपादकांना 'काउंटरवरचे गमतीदार अनुभव' हवे होते. दोन-तीन आहेत, ते देते. पण मजकूर सगळा गमतीचा नाही, आणि फराळाबरोबर तो गोड लागणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

हेल्मेटची सक्ती आली तेव्हा भांडाराच्या संचालकांनी ठराव केला की हाही माल ठेवू. एका बाजूला स्टीलच्या बादल्या, दुसऱ्या बाजूला शाळेची दप्तरं आणि मध्ये माझी फळी. बादली आणि हेल्मेट यांत फरक काय, हे सांगण्यात माझी पहिली काही वर्षं गेली.

फरक असा. हेल्मेटचं बाहेरचं कवच टणक असतं. ते दिसतं, म्हणून लोक तेच टकटक वाजवून बघतात. पण जीव वाचवतो तो आतला थर. दिसायला तो टीव्हीच्या खोक्यात येणाऱ्या थर्माकोलसारखा, म्हणून त्याला कुणी किंमत देत नाही. डोकं आदळलं की तो थर दबतो, आणि दबता दबता दणका स्वतः खातो. एकदा दबला की संपला, पुन्हा फुगत नाही. वरून रंग तसाच चकचकीत राहतो. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट फेकायचं असतं, पाहुण्याला द्यायचं नसतं. आणि थर दबायचा तर डोकं त्याला चिकटलेलं हवं. मध्ये टॉवेल आला, पोकळी आली, की हेल्मेट एकीकडे फिरतं आणि डोकं दुसरीकडे.

आष्टीकडचे एक आजोबा नातवासाठी हेल्मेट घ्यायला आले होते. मी चांगलं, सरकारी शिक्क्याचं हेल्मेट दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, दारापर्यंत गेले आणि भांडाराच्या दगडी पायरीवर दाणकन आपटलं. कान लावून आवाज ऐकला. पुन्हा आपटलं. मग समाधानानं परत येऊन म्हणाले, "आवाज बद्द न्हाई. हेच बांधा."

मी म्हटलं, आजोबा, आता हे मेलं.

"मेलं कावून? वाजवल्याबिगर मडकं घेतंय का कोणी?"

मी त्यांना दुसरं देऊ लागले तर ते ऐकेनात. त्यांचं म्हणणं, जे तपासलंय तेच घेणार, न तपासलेलं माझ्या गळ्यात मारू नको. शेवटी मी नव्याचं खोकं त्यांच्या डोळ्यांसमोर बांधलं आणि हे तपासलेलंच आहे म्हणून सांगितलं. तेही खोटं नव्हतं. तपासलं होतं, कारखान्यात. मेलेलं हेल्मेट मी अर्धं कापून काउंटरवर ठेवलं. आतला थर दाखवायला त्याचा फार उपयोग झाला.

दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला हेल्मेट फक्त पोलीस उभे असतात त्या चौकापुरतं पाहिजे होतं; चौक ओलांडला की ते हँडलला अडकवायचं. त्याला मी विचारलं, भाऊ, अपघातही त्याच चौकात होणार असं ठरलंय का? तो रागावून गेला. मोहनकाकांनी मला चहा पाजून पुन्हा समजावलं. नारायणगडाच्या जत्रेच्या रस्त्याला टोपलीसारखी हेल्मेटं ढिगानं विकायला बसायची, फुग्यांच्या शेजारी, आणि लोक फुगा आणि हेल्मेट एकाच हिशेबानं घ्यायचे. मी तिथं जाऊन पत्रकं वाटली. त्या पत्रकांच्या पुड्या करून फुगेवाल्याच्या शेजारच्यानं शेंगदाणे विकले.

इथपर्यंत गंमत आहे. आता तलावाचं सांगते.

सलग दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. ऊस नव्हता, म्हणून आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर त्या हंगामात पेटलाच नाही. ज्यांना कोयता घेऊन ऊसतोडीला दूर जायचं होतं ते गेले. मागे राहिले ते कारखान्याचे हंगामी ड्रायव्हर. ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर चालवणारी ही पोरं, पाच-सहा महिने काम आणि बाकी वर्ष पारावर. त्या वर्षी तर सगळंच वर्ष पारावर.

पाटोद्याच्या अलीकडचा पाझर तलाव तळापर्यंत आटला होता. गाळ वाळून फरशीसारखा झाला होता. पोरांनी तिथं जुन्या जीपगाड्या पळवायला सुरुवात केली. भंगारातली जीप घ्यायची, टप काढायचा, दारं काढायची, आणि माणूस उलटला तर चेपू नये म्हणून वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवायचा. तलावाच्या तळाशी चुन्यानं गोल आखायचा आणि धूळ उडवत पळवायचं. शहरात यासाठी क्लब असतात म्हणे. आमच्याकडे दुष्काळ होता.

कारखान्याचे चेअरमनसाहेब आमच्या भांडाराचेही अध्यक्ष होते. आमच्याकडे सहकार असाच असतो, खुर्च्या अनेक आणि माणूस एक. त्यांचा वाढदिवस जवळ आला होता. पोरांची ही शर्यत त्यांच्या कानावर गेली आणि जाहीर झालं की साहेबांच्या वाढदिवसाला तलावात मोठी शर्यत होणार, आणि पहिला येणारा ड्रायव्हर कारखान्याच्या नोकरीत कायम होणार.

कायम हा शब्द हंगामी माणसाच्या कानात कसा शिरतो ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही.

अंकुश त्यांतला एक. तिशीच्या आतला, बुटका, मान आखूड, हसताना डोळे मिटणारा. त्याची बायको सुरेखा आमच्या भांडारात धान्य निवडायच्या कामावर यायची, म्हणून माझी ओळख. आधीच्या हंगामात दोघांनी ठरवलं होतं की पोरगी शाळेत गेली की सुरेखानं कोयत्यावर जायचं नाही. आता हंगामच नव्हता, आणि ऊसतोडीचा मुकादम दारात येऊन बसायला लागला होता. सुरेखानं मला निवडायच्या सुपावरून मान वर न करता सांगितलं होतं, "ताई, ते पहिले आले तर आमी ऱ्हातो इथं. न्हाई आले तर पोरीला घेऊन जावं लागतंय."

शर्यतीत हेल्मेट असावं एवढी अक्कल साहेबांच्या माणसांना होती. ती भांडारातून घ्यायची ठरली. मला आनंद झाला. मी एक टिपण लिहून मोहनकाकांकडे दिलं. पिंजऱ्याच्या गाडीत बसणाऱ्याचं हेल्मेट निराळं असतं. गाडी उलटली की डोकं नळीवर एकदा नाही, पुन्हा पुन्हा आदळतं. शिवाय पेट्रोल सांडलं तर आगीची भीती. म्हणून त्याचा आतला थर जास्त दणके खाणारा आणि अस्तर लवकर पेट न घेणारं असतं. तसं आमच्याकडे नव्हतं. मागवायची परवानगी मागितली, मिळाली नाही. ठीक आहे, मी लिहिलं, मग दुचाकीचंच द्या, पण पूर्ण तोंड झाकणारं, शिक्क्याचं आणि प्रत्येकाच्या मापाचं. नळ्यांना स्पंज गुंडाळा. सीटला पट्टे लावा.

पट्टे आणि स्पंज मान्य झाले. माप नामंजूर झालं. सगळ्यांना एकाच मापाची, सगळ्यांत मोठी, पांढरी हेल्मेटं. वर साहेबांच्या फोटोचं स्टिकर. कारण साहेब ती व्यासपीठावर स्वतःच्या हातानं ड्रायव्हरांच्या डोक्यावर ठेवणार होते, फेट्याच्या ऐवजी.

मी साहेबांच्या बंगल्यावर गेले. ते वाईट बोलले नाहीत. हसले.

"अगं पोरी, सत्कारात माप घेतात का? फेटा काय डोकं मोजून बांधतात?"

मी म्हटलं, "फेटा डोक्यावर बांधतात, साहेब. हेल्मेट आधीच बांधून येतं."

बाजूला बसलेल्यांत एक जण हसला. साहेबांनी त्याच्याकडे बघितल्यावर थांबला. मला चहा विचारला गेला आणि चहा यायच्या आधी निरोप दिला गेला.

मग मी शिंप्याची टेप घेऊन तलावात गेले. सराव चालू होता. पोरांनी टेप बघितली आणि सुरू झाली. ताई, सफारी शिवता का. ताई, ह्याचं मोजू नका, ह्याच्या डोक्यात भुसा हाय, सांडंल. एक जण अंकुशला म्हणाला, "बे, तुझं डोकं टेपला घावायचं न्हाई, लहान पोराची टोपी बस तुला."

खरंच त्याचं डोकं लहान निघालं. गोल आणि लहान. टेप भुवयांच्या जरा वरून, मागच्या फुगवट्यावरून फिरवायची. जिथं सगळ्यांत मोठं येतं ते माप. अंकुशला मधलं माप लागत होतं. सत्काराचं हेल्मेट त्याच्यापेक्षा दोन मापं मोठं होतं.

मी भांडारातून मधल्या मापाची दोन निरनिराळ्या घडणीची हेल्मेटं नेली. पहिलं घातल्यावर तो म्हणाला, कपाळ दुखतंय. हे ऐकून घ्यायचं असतं. घट्ट असणं आणि टोचणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सगळीकडून सारखं आवळलं तर ते घट्ट, आणि ते बरोबर. एकाच जागी टोचलं तर माप बरोबर पण घडण चुकीची. त्याचं डोकं गोल आणि हेल्मेट लांबट. असं टोचणारं हेल्मेट माणूस दोन दिवस घालतो आणि तिसऱ्या दिवशी आरशाला अडकवतो. आराम नसलेलं हेल्मेट सुरक्षित नसतं, कारण ते डोक्यावरच नसतं. दुसरं गोल घडणीचं होतं. ते घातलं तर गाल वर चेपले गेले, दोन्ही गालांत लाडू धरल्यासारखे. पोरं हसली. मी हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे हलवलं. कपाळाची कातडी बरोबर हलली. पट्टा हनुवटीखाली आवळला आणि मागच्या कडेला धरून वर, पुढे खेचलं. निघालं नाही. ही शेवटची परीक्षा. मागून खेचल्यावर निघालं तर ते तुमचं हेल्मेट नाही, मग कितीही आवडू द्या.

ते घालून त्याला मी गप्प बसवून ठेवलं. चहा आला, निवला, तरी त्याला कुठं टोचेना. मग त्यानं जीप काढली आणि चार-पाच गोल मारून आला. उतरला नाही, तिथूनच बोलला. "ताई, लई आवळतंय. पण डोक्यासंगं फिरतंय. उसन्या मोठ्यात मुंडकं एकीकडं आन् काच एकीकडं व्हायची."

आणि टॉवेल, मी विचारलं. टॉवेल गळ्यात गुंडाळीन, म्हणाला, भिजवून. तेही त्यानं केलं. माझ्या सगळ्या काउंटरच्या नोकरीत असं शिकलेलं गिऱ्हाईक मला दुसरं मिळालं नाही. ते हेल्मेट मी माझ्या नावावर उचललं आणि त्याला दिलं. बाकीच्यांची मापंही घेतली, पण बाकीचे म्हणाले, फुकटचं मिळतंय की.

वाढदिवसाच्या सकाळी तलावात टँकर आला. गोलावरची धूळ बसावी, साहेबांच्या अंगावर उडू नये म्हणून. काठावरच्या वस्तीत टँकर दिसल्याबरोबर बायका घागरी, हंडे, कळशा घेऊन उतारावरून पळत आल्या. रांग लावली. टँकरवाल्यानं त्यांच्यासमोर नळी सोडली आणि पाणी चुन्याच्या रेघांच्या मध्ये ओतत निघाला. रांग थोडा वेळ तशीच उभी राहिली, आणि मग एकेक घागर उचलली गेली. एक म्हातारी मात्र कळशी घेऊन टँकरच्या मागून चालत राहिली, नळीतून गळणारं धरत.

त्या पाण्यानं वाळलेल्या गाळावर पातळ निसरडा थर झाला. गाळ वाहून नेणाऱ्या ट्रॉल्यांच्या जुन्या खोल चाकोऱ्या तळाला होत्याच. त्या पाण्यानं भरल्या आणि दिसेनाशा झाल्या.

दुपारी सत्कार झाला. ड्रायव्हर रांगेनं व्यासपीठावर चढले. साहेबांनी प्रत्येकाच्या डोक्यावर पांढरं हेल्मेट ठेवलं, फोटो झाले, हलगी वाजली. अंकुशच्या डोक्यावर ते घमेल्यासारखं बसलं. खाली उतरल्यावर तो थेट आपल्या जीपकडे आला. तिथं सुरेखा उभी होती, तिच्या कडेवर पोरगी आणि हातात आमचं मधल्या मापाचं हेल्मेट. मीही होते. तिनं ते पुढं केलं.

त्यानं घेतलं नाही.

इथं जे झालं ते आमच्याच मुलखात होऊ शकतं. बाहेरचा म्हणेल, काय कटकट आहे, एक काढायचं, दुसरं घालायचं. पण आमच्याकडे यजमानानं बांधलेला फेटा कार्यक्रम संपेपर्यंत कुणी उतरवत नाही. घाम आला, ढिला झाला, डोळ्यांवर आला, तरी उतरवत नाहीत. उतरवला तर तो यजमानाचा अपमान असतो, आणि तो सगळा मांडव बघत असतो. हेल्मेट फेट्याच्या ठिकाणी आलं आणि फेट्याचा कायदाही बरोबर घेऊन आलं.

मी त्याला म्हटलं, अंकुशभाऊ, घाला हे, दोन मिनिटांचं काम आहे.

"ताई, सायबानं ठिवलेलं कसं उतरवू?"

"गाडी चालवायची आहे तुम्हाला. सत्कार संपला."

"नोकरी त्यांच्याच हातात हाय ना, ताई. ते समोर बसलेत." त्याचे डोळे व्यासपीठाकडे होते. "सगळ्यांनी घातलंय. मी एकट्यानंच काढलं तर पयला येऊन बी काय उपेग?"

सुरेखा म्हणाली, "आवो, ताई सांगतात तर घाला की."

त्यानं तिच्याकडे बघितलं आणि गळ्यातला ओला टॉवेल सोडला. चार घड्या करून डोक्यावर ठेवला आणि वरून ते पांढरं घमेलं दाबलं. पट्टा आवळला. मान हलवून मला दाखवली. "बघा. बसलं का न्हाई?"

मी निवेदकाकडे पळाले. माईकवरून सांगा म्हटलं, ज्याला आपलं हेल्मेट घालायचं त्याला साहेबांची परवानगी आहे. साहेबांना एक शब्द बोलू द्या, एवढंच. निवेदकानं माझ्याकडे बघितलं आणि माईकवर बोलला, "मंडळी, भांडाराच्या ताई आल्यात. मालाचा खप कमी झालाय वाटतं." तलावभर हसू गेलं. साहेबही हसले, मनापासून, आणि मला हात केला, बस म्हणून. हसू थांबायच्या आत निशाण पडलं.

बाकीचं लवकर झालं. अंकुश पुढे होता. ओल्या वळणावर त्याची जीप घसरली, मागचं चाक बुजलेल्या चाकोरीत गेलं आणि गाडी कलंडून उलटली, पुन्हा उलटली. पिंजरा टिकला. सीटचा पट्टा टिकला. तो जागेवरच राहिला. हेल्मेट पहिल्याच झटक्याला निघालं, हनुवटीचा पट्टा बांधलेलाच. पुढचे सगळे दणके उघड्या डोक्यानं नळीवर खाल्ले. गुंडाळलेला स्पंज त्यांच्या चौथ्या हिश्श्याला तरी पुरला की नाही, मला माहीत नाही.

हेल्मेट गोलाच्या मध्ये येऊन थांबलं होतं. आत टॉवेल घडी घातलेला, तसाच.

बीडला नेताना तो वाटेतच गेला. सुरेखा जीपगाडीत मागे बसली होती, मांडीवर त्याचं डोकं. मधल्या मापाचं हेल्मेट तिच्या हाताच्या कोपराला अडकलेलं होतं. ते काढून ठेवायचं तिला सुचलं नव्हतं आणि कुणी काढूनही घेतलं नव्हतं.

शोकसभेत साहेबांनी माईकवर सुरेखाला कारखान्यात कायम करण्याचं जाहीर केलं. कारखाना पुढच्याही हंगामात बंद राहिला. बंद कारखान्यात ती आजही कायम आहे. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. अंकुशचा दुसरा चांगला फोटो कुणाकडे नव्हता, म्हणून सत्काराचाच लावला: डोक्यावर पांढरं हेल्मेट आणि हेल्मेटवर साहेबांचा हात.

मी पत्रक काढलं. 'ही हेल्मेटं नव्हेत, हे फेटे आहेत' असं मथळ्याला घालून पाटोद्याच्या बाजारात वाटलं. संचालकांनी माफीनामा मागितला, मी दिला नाही, त्यांनी मला काढलं. मोहनकाका दारापर्यंत सोडायला आले. नोकरी गेल्याचं मला काही वाटलं नाही. मला जे लागलं ते निराळंच. त्यानंतर वर्षभर मी कुठंही, कुणालाही हेल्मेटबद्दल बोलायला गेले की समोरचा माणूस शांतपणे मला उत्तर द्यायचा, "त्या अंकुशनं घातलं होतं की. काय झालं?"

त्या चेअरमननं एक माणूस मारला असं मी म्हणत नाही, त्यांनी तो मारला नाही. त्यांनी सन्मान केला. पण त्या सन्मानानं एक माणूस गेला आणि त्याच्या मागं कितीतरी जणांच्या डोक्यावरची हेल्मेटं खाली उतरली. एवढं मी लिहिणार, आणि कुणाला राग आला तर येऊ द्या.

आता पाटोद्यात स्टँडच्या मागे माझाच छोटा गाळा आहे. फळी त्याच पद्धतीची, कापलेलं हेल्मेट पुढे. बादल्या नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात सुरेखा तिथं आली. तिला दूध संघाच्या संकलन केंद्रावर काम लागलं होतं, गावोगाव फिरायचं, आणि त्यासाठी ती जुनी स्कूटी शिकली होती. कोयत्यावर ती गेली नव्हती. हे सगळं तिनं उभ्यानंच सांगितलं. मग पिशवीतून ते हेल्मेट काढलं. मधलं माप, गोल घडण. पुसून पुसून चमकवलेलं. तिनं ते ओल्या फडक्यानंच पुसलं होतं. पेट्रोलनं किंवा थिनरनं पुसायचं नाही, आतला थर खातं, हे मी अंकुशला सांगितलं होतं आणि त्यानं तिला.

"ह्ये मला बसवून द्या, ताई."

मी हेल्मेट हातात घेतलं. पडलेलं नव्हतं, आपटलेलं नव्हतं. आतलं अस्तर नवं होतं. तिच्या डोक्याला टेप लावायची गरज नव्हती, नजरेला दिसत होतं. तरी लावली. अंकुशचं डोकं लहान. हिचं त्याहून लहान.

मी म्हटलं, सुरेखाबाई, हे तुम्हाला ढिलं होतंय.

"असू द्या ढिलं. त्यांचं हाय."

गाळ्यात आणखी एक गिऱ्हाईक होतं. ते बाहेर जाऊन उभं राहिलं. मी काय करायला पाहिजे होतं? पाठीवर हात ठेवून म्हणायचं होतं का, घाला बाई, नवऱ्याची आठवण आहे? तसं म्हणणाऱ्या बायका गावात भरपूर असतील. मी ते तिच्या डोक्यावर घातलं, पट्टा आवळला, तिच्या मागे गेले, कडेला धरलं आणि खेचलं. निघून माझ्या हातात आलं. तिच्या कपाळावरचे केस पुढे आले, तेवढेच.

ती वळली नाही. तिनं तसाच फळीकडे हात केला. "त्ये दाखवा. बारकं."

बारकं दिलं. तिनं स्वतःच घातलं, दोन्ही बाजूंनी ओढून, कान मुडपले ते बोट घालून सरळ केले. गाल वर आले. मी पट्टा लावला, पुन्हा मागे गेले आणि खेचलं. तिची मान बरोबर पुढे झुकली. पुन्हा खेचलं, पहिल्यापेक्षा जोरात. ती दोन पावलं पुढे गेली, पण हेल्मेट तसूभरही हललं नाही.

"लई आवळतंय, ताई," ती आतून म्हणाली.

"आवळू द्या," मी म्हटलं.

तिनं अंकुशचं हेल्मेट परत पिशवीत घातलं, पिशवी स्कूटीच्या हुकाला अडकवली, आणि डोक्यावरचं न काढताच गेली.